मोटारीच्या बॅटरीचे व्होल्टेज-निदान

गाडी सेल्फ घेईनाशी झाली की पहिला आरोप बॅटरीवर येतो. दोष मात्र अल्टरनेटर, सैल टर्मिनल किंवा खराब अर्थिंगचाही असू शकतो, म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर लावून पाहणे आवश्यक आहे.

1859 मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवलेल्या शिसे-आम्ल घटाचेच तत्त्व आजही बहुतेक मोटारींत वापरले जाते. 12 व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट असतात. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे जवळपास निम्मा चार्ज. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत. कमी मिळाल्यास अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि जोडण्या पाहाव्यात. आकडा 15 पुढे गेल्यास संशय रेग्युलेटरवर.

बीड जिल्ह्यात बॅटरीला दोन अडचणी येतात. पहिली उष्णतेची: उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. त्या उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते, आतल्या शिशाच्या प्लेटा लवकर गंजतात.

दुसरी अडचण उभ्या गाडीची. इथून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कित्येक महिने गावाबाहेर असतात. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म थोडी वीज घेतच राहतात. हा प्रवाह 50 मिलिअँपिअर असला, तरी 35 अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभरात उतरते. अशा वेळी ऋण टर्मिनलची वायर सोडवून ठेवावी.