शब्दवेध : अंतराळवीर

‘अंतराळ’ हा शब्द संस्कृत ‘अंतराल’, म्हणजे दोन वस्तूंमधील मोकळी जागा, यावरून आला असून मंदिरस्थापत्यात ते गर्भगृह आणि सभामंडप यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या दालनाचे नाव आहे; अंबरनाथ शहरातील शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिरातही अंतराळ ओलांडूनच गर्भगृहाच्या पायऱ्या उतराव्या लागतात. ग्रहताऱ्यांमधील पोकळीला हेच नाव मिळाले, ही मराठीची फार सुंदर निवड होय. ‘वीर’ या जोडपदाचे मात्र तसे नाही. इंग्रजी ‘ॲस्ट्रोनॉट’मधील ग्रीक ‘नाउटेस’चा अर्थ खलाशी असा आहे, आणि बीबीसीवर १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘रेड ड्वार्फ’ या विनोदी विज्ञानमालिकेचे चाहते ज्याच्याविषयी जिव्हाळ्याने बोलतात, तो डेव्ह लिस्टर खाणकामाच्या यानावरील सर्वांत खालच्या हुद्द्याचा तंत्रज्ञ असून काळ थांबवणाऱ्या कोठडीतून ३० लाख वर्षांनी बाहेर पडतो, तेव्हा सारे सहकारी मरण पावलेले असतात. त्याला ‘अंतराळवीर’ म्हटले की त्या पात्राचा विनोद आणि कारुण्य दोन्ही हरवतात. अशा मालिकांविषयी मराठीत लिहिताना ‘अंतराळखलाशी’ हाच शब्द योजावा.