नगर हवेली मोहीम (१९५४)

नगर हवेली मोहीम : दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांच्या ताब्यातील दोन भूवेढे २१ जुलै ते ११ ऑगस्ट १९५४ या बावीस दिवसांत सशस्त्र स्वयंसेवकांनी सोडवले, ती लढाई. नियमित लष्कर दोन्हीकडे नव्हते. एका बाजूला पोर्तुगीज पोलीस होते, दुसरीकडे गोमंतकीय, पुणेकर आणि वारली यांचा सरमिसळ जमाव. तरीही लढण्याची तऱ्हा पायदळाचीच होती : पायी, रात्रीची, भर पावसात आणि रानातून. तिचा शेवट आजच्या पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात, उधवा या गावी झाला. या लढ्यावरच्या मराठी लेखनात पुण्याहून निघालेली माणसे ठळक दिसतात. पोर्तुगीजांची शेवटची तुकडी ज्या रानात कोंडली गेली, ते रान आणि तिथला वारली मात्र क्वचितच दिसतो. प्रस्तुत नोंद त्या बाजूला थोडी झुकलेली आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम नकाशा. डहाणूच्या उत्तरेला तलासरी आणि तलासरीला लागून नगर हवेली. दमण समुद्रकाठी, आणि दमण व हवेली यांच्यामध्ये भारताची पट्टी, तीत वापी आणि मुंबई-बडोदे रेल्वे. दादरा हा तर हवेलीपासूनही सुटलेला तुकडा, अवघ्या तीन गावांचा. नगर हवेलीत बहात्तर गावे. दोन्ही मिळून क्षेत्र सुमारे ४९१ चौरस किलोमीटर. म्हणजे दमणच्या गव्हर्नरला आपल्याच मुलखात जायचे तर परक्याच्या रस्त्याने जावे लागे. १९५४ मध्ये तलासरी हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्याचा भाग होता. १९६० मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य मोडले तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यामुळे जुन्या कागदांत ही गावे शोधताना तालुका, जिल्हा आणि राज्य तिन्ही बदलून पाहावी लागतात.

हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला तो मराठ्यांच्याच हातून. मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले होते. त्याच्या भरपाईदाखल १७७९ च्या पुणे दरबारच्या तहान्वये दमण परगण्यातील बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्यात आली. नगर हवेलीचा ताबा त्यांना १७८३ मध्ये मिळाला, दादरा १७८५ मध्ये. ही देणगी सार्वभौम हक्काची की नुसती सरंजामी वसुलाची, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात निघाला. पेशवे दफ्तरातल्या शब्दांचा कीस युरोपातल्या न्यायाधीशांपुढे पाडला गेला, असा प्रसंग विरळा.

मोहिमेचा दुसरा धागा उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांचा. जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार यांच्याकडे वेठ, खावटीचे न फिटणारे कर्ज, आणि लग्नासाठी घेतलेल्या पैशापोटी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, ती ‘लग्नगडी’ पद्धत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगावकडचे मूठभर वारली तिथे गेले होते. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ बंद झाल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले. पावसाळा सरल्यावर गवत कापणीचा संप झाला. मागणी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये अशी मोजकी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण पडले, त्यांत पहिला जेठ्या गांगड. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्या घटना समजायला एवढे ध्यानात हवे, की १९५४ मध्ये नगर हवेलीच्या दक्षिण अंगाचा वारली हा सभा, संप आणि बंदूक तिन्ही पाहिलेला माणूस होता. सीमेच्या दगडाने त्याची सोयरीक तुटलेली नव्हती. पलीकडे वारल्यांबरोबर कोकणा, धोडिया, दुबळा आणि काथोडी होते.

मोहिमेची आखणी मात्र मुंबई-पुण्यात झाली, तीही एका छत्राखाली नव्हे. फ्रान्सिस मास्कारेन्हस यांचा युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स होता. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांचे आझाद गोमंतक दल होते. बँकेतली नोकरी करणारे गोमंतकीय अप्पासाहेब करमळकर यांची वेगळी संघटना होती. पुण्याहून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण आले. त्यांत राजाभाऊ वाकणकर, संगीतकार सुधीर फडके, पुढे शिवशाहीर म्हणून गाजलेले बाबासाहेब पुरंदरे आणि विश्वनाथ नरवणे होते. (हेच नरवणे पुढे सोळा भाषांचा ‘भारतीय व्यवहार कोश’ रचणारे. कोशकारांत बंदूक खांद्यावर टाकून सरहद्द ओलांडलेला गृहस्थ क्वचितच सापडेल.) पैसा उभा करायला फडक्यांच्या खटपटीने पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. दक्षिणेकडे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचा कम्युनिस्ट गट आणि किसान सभा तयारीत होती. या मंडळींचे एकमेकांशी पटत नव्हते. हवेलीचे मुख्य ठाणे असलेल्या सिल्वाशावर आधी कोण पोचतो, याची चढाओढ शेवटपर्यंत चालली, आणि मोहिमेला जो वेग आला त्यातला बराचसा या चढाओढीने आला.

मोसम निवडला होता की मिळाला, हे सोडून देऊ. पण तो आत जाणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. जुलैअखेर या पट्ट्यात भाताची आवणी चालू असते. चिखलणी झालेल्या खाचरात इरले पाठीवर घेऊन वाकलेली माणसे बांधाबांधाने पसरलेली असतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांची शाकारणी, असे हे इरले डोक्यापासून कमरेपर्यंत माणूस झाकते. लांबून पाहणाऱ्याला बाई की पुरुष, गावचा की परका, काही कळत नाही. ओढे भरलेले, पायवाटा गवतात बुडालेल्या, दमणगंगा दुथडी. ज्याला वाटा ठाऊक त्याला ही आडोशाची जागा. पोलीस चौकीत बसून तारेच्या निरोपाची वाट पाहणाऱ्याला ती कोठडी.

पहिला घाव दादऱ्यावर बसला. २१ जुलैला दमणच्या गव्हर्नरला दादऱ्याला जाऊन येण्यापुरता परवाना भारताने दिलेला होता. त्याच रात्री मास्कारेन्हस यांच्या माणसांनी दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. ठाण्याचा सबइन्स्पेक्टर आनिसेतो दो रोजारियो आणि शिपाई अंतोनियो फर्नांडिस मारले गेले. सकाळी ठाण्यावर तिरंगा होता. यानंतर भारताने दमणहून आत जायचा रस्ता पुरता बंद केला. प्रतिनिधी पाठवू द्या, अशी पोर्तुगालची विनंतीही नाकारली.

२८ जुलैला आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक नगर हवेलीतल्या नरोली गावात शिरले. नरोली आणि सिल्वासा यांच्यामध्ये दमणगंगा, आणि तिला पूर. तिथल्या शिपायांनी फार प्रतिकार केला नाही. सिल्वाशात हवेलीचा प्रशासक कॅप्टन व्हिर्जिलिओ फिदाल्गो सुमारे दीडशे पोलीस घेऊन होता. वाळूची पोती रचून मोर्चेबांधणीही त्याने केली होती. पण दादरा आणि नरोली दोन्हीकडून माणसे येत असल्याचे कळताच त्याने गाव सोडले आणि बहुतेक सगळी ताकद घेऊन तो खानवेलकडे डोंगरात गेला. मागे पाचेक शिपाई राहिले. २ ऑगस्टला सिल्वासा पडले ते या पाच जणांच्या शरणागतीने. फडके, पुरंदरे आणि वाकणकर यांच्या आठवणींतला सोनेरी दिवस हा.

फिदाल्गोचा हिशेब काही मूर्खपणाचा नव्हता. खानवेल उंचावर आणि रानात. तिथे तग धरला तर लिस्बन काहीतरी करील, एवढी आशा. पण खानवेलच्या पलीकडे तलासरीकडचा मुलूख होता आणि त्या बाजूने किसान सभेचे वारली आत आलेले. उत्तरेला सिल्वासा गेलेले. दीडशे माणसांना रोज धान्य लागते, कोरडे छप्पर लागते, आजाऱ्याला औषध लागते. यातले काही मागच्या रस्त्याने येणार नव्हते, कारण मागचा रस्ता उरलाच नव्हता. नऊ दिवस हे चालले. सीमेवर मुंबई राज्याच्या राखीव पोलिसांचा पहारा होता आणि त्यांचे अधिकारी नगरवाला यांनी शरण येण्याचा निरोप धाडला होता. ११ ऑगस्टला फिदाल्गो आपल्या लोकांसह सीमा उतरून उधव्याला आला आणि त्याने भारतीय पोलिसांपुढे शस्त्रे ठेवली. स्वयंसेवकांच्या हाती पडण्यापेक्षा त्याला सरकारी गणवेश बरा वाटला असावा. उधव्यात गोळी सुटली नाही, म्हणूनच बहुधा त्या दिवसाची कहाणी कोणी रंगवून सांगितली नाही. संघाकडच्या लेखनात खानवेलची बाजू दोन ओळींत आटोपते, कम्युनिस्टांकडच्या लेखनात सिल्वासा तितक्याच ओळींत. दोन्ही वाचल्याशिवाय बावीस दिवस पुरे होत नाहीत.

योगायोग असा, की २१ जुलै १९५४ च्याच पहाटे जिनिव्हात व्हिएतनामच्या युद्धबंदी करारावर सह्या होत होत्या. ७ मे रोजी फ्रेंचांचे दिएन बिएन फू हे ठाणे पडले होते. तिथेही एक वसाहती शिबंदी डोंगराळ मुलखात, तळापासून दूर बसली होती आणि तिची रसद तोडली गेली होती. प्रमाण अर्थातच कोठल्या कोठे. तिथे तोफा आणि हजारो सैनिक होते, इथे चौक्या आणि शिपाई. पण रस्ता तुटलेल्या तुकडीची गोष्ट दोन्हीकडे सारखी. पुढे मार्च १९६५ मध्ये अमेरिकी मरीन दा नांगला उतरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात इया द्रांगच्या खोऱ्यात अमेरिकी पायदळ हेलिकॉप्टरने लढाईत नेले गेले, तेव्हा रस्त्याची अडचण सुटली असे वाटले. माणूस, दारूगोळा आणि पाणी आकाशातून येऊ लागले. ताबा राखण्याचे काम मात्र हेलिकॉप्टरला जमले नाही. मे १९६९ मध्ये ९३७ क्रमांकाची टेकडी, जिला सैनिकांनी ‘हॅम्बर्गर हिल’ नाव दिले, दहा दिवस झुंजून घेतली आणि जूनमध्ये सोडून दिली. तिथल्या गावात उद्या सकाळी कोणाचा शब्द चालेल, हा प्रश्न टेकडी घेतल्याने सुटत नव्हता. खानवेलच्या रानात तो प्रश्न फिदाल्गो येण्याआधीच सुटला होता.

नंतरची सात वर्षे विचित्र. मुलूख पोर्तुगालचा राहिला नाही आणि भारतानेही तो जोडून घेतला नाही. वरिष्ठ पंचायत कारभार पाही, पहिले प्रशासक करमळकर. टपालासाठी पोर्तुगीज तिकिटेच वापरली गेली, वर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाची इंग्रजी मोहोर ठोकून. संग्राहक आजही ती जपून ठेवतात. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगला फिर्याद केली. भारताच्या बाजूने अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. खास नेमलेल्या न्यायाधीशांत भारताचे एम. सी. छागला होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता असे मानले (११ विरुद्ध ४). सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा हक्क नव्हता असे ठरवले, तेही ८ विरुद्ध ७, म्हणजे एका मताने. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे ९ विरुद्ध ६. पुण्याच्या तहाने सार्वभौमत्व गेले नव्हते, ते पुढे इंग्रजांनी मान्य केल्यामुळे पोर्तुगीजांकडे आले, असेही न्यायालयाचे म्हणणे पडले. १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. भारताशी करार करायला राष्ट्रप्रमुख हवा, म्हणून सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते दादरा-नगर हवेलीचे पंतप्रधान करण्यात आले. ११ ऑगस्ट १९६१, उधव्याच्या शरणागतीचा सातवा वाढदिवस, हा संघराज्यक्षेत्राचा जन्मदिवस ठरला.

खरे लष्करी पायदळ या पट्ट्यात उतरले ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात, दमणवर. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जिला ‘जंगी पलटण’ म्हणतात, लेफ्टनंट कर्नल एस. जे. एस. भोसले यांच्या हुकमाखाली १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे चारला पुढे सरकली. तिला तोफखान्याची आणि विमानांची साथ होती. विमानतळावर कडवा प्रतिकार झाला. १९ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास पोर्तुगीज गव्हर्नर मेजर कोस्ता पिंटो शरण आला. भारताचे चार जवान कामी आले आणि चौदा जखमी झाले. पोर्तुगीजांचे दहा पडले. त्यांची ‘अंतारेस’ ही गस्ती बोट निसटून कराचीला पोचली. दमणच्या या दीड दिवसावर पलटणीच्या इतिहासात पाने आहेत. बावीस दिवसांच्या हवेलीला अशी एकच एक दप्तरबंद नोंद नाही, कारण तिचे सैन्यच कोणा एकाचे नव्हते.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकाच संघराज्यक्षेत्रात आहेत. तलासरीत दर १० ऑक्टोबरला जेठ्या गांगड आणि इतर हुतात्म्यांच्या स्मरणार्थ वारली जमतात. उधव्याहून खानवेलला आता डांबरी रस्ता जातो. त्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याची माणसे गाड्या थांबवून डिकी उघडायला सांगतात. पलीकडे दारू स्वस्त मिळते.