हिस्लॉप कॉलेजातले लॉसन

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५३ साली जेम्स लॉसन नावाचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन शिक्षक आले. मेथडिस्ट ख्रिस्ती. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारून त्यांनी तुरुंग भोगला होता. शत्रूवरही प्रेम करावे, ही येशूची शिकवण त्यांना घरीच मिळाली होती. ती रस्त्यावर कशी आचरावी, हे त्यांना गांधीजींच्या देशात शिकायचे होते.

आणि गंमत पाहा! माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याचे त्यांनी वाचले, ते नागपूरच्याच वर्तमानपत्रात. १९५६ साली ते परतले.

पुढे नॅशव्हिलला त्यांनी जे वर्ग भरवले, त्यांचा मला मास्तर म्हणून हेवा वाटतो. विद्यार्थीच विद्यार्थ्यांना शिव्या देत, ढकलत. समोरच्याने हात उचलायचा नाही, हाच धडा. १९६० च्या फेब्रुवारीत ही मुले गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसली. (पाणवठ्यावरची बंदी पाहिलेल्या महाराष्ट्राला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.) मुलांनी मार खाल्ला, कैद सोसली. मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसनांना काढून टाकले, तेही धर्मशास्त्राच्या वर्गातून! मे महिन्यात मात्र शहरातल्या सहा दुकानांनी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना जेवण वाढले.