भाडेकरू, घरमालक आणि कायद्याचा तराजू

घरमालक आणि भाडेकरू यांची भांडणे आमच्या भवानी पेठेला नवी नाहीत. अशा वेळी आपण कोणाची तरी बाजू घेतो. मालक असला तर लोभी, भाडेकरू असला तर जागा बळकावणारा! मला मात्र दोष निराळ्याच ठिकाणी दिसतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पहिल्या महायुद्धात मुंबईत जागांची टंचाई झाली, तेव्हा १९१८ साली भाड्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. पुढे १९४७ चा 'बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट' आला. सोलापूर मुंबई प्रांतात असल्याने तो आपल्याकडेही लागू झाला. या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक भाड्याची, दुसरी ताब्याची.

ताब्याची तरतूद मला आजही शहाणपणाची वाटते. मालकाला स्वतःसाठी जागेची खरी, वाजवी गरज असेल तर तो दावा लावू शकत असे. पण तेवढ्याने भागत नसे. कलम १३(२) प्रमाणे कोर्टाने पाहायचे, की जागा खाली केल्याने भाडेकरूचे हाल जास्त होतील की न केल्याने मालकाचे? दोघांपैकी कोणाला दुसरी जागा मिळू शकते? आणि जमत असेल तर जागेच्या काही भागापुरताच हुकूम द्यायचा.

आमच्या गल्लीतल्या एका वाड्यात असेच झाले. मालकीणबाई विधवा, मुलाचे लग्न ठरलेले. भाडेकरू गिरणी कामगार, दोन खोल्यांत सहा माणसे. शेवटी एक खोली बाईंना मिळाली, एक भाडेकरूकडे राहिली. दोघेही पूर्ण खूश नव्हते, पण रस्त्यावर कोणी आले नाही. फक्त निकाल लागेपर्यंत त्या नवरदेवाची मुले शाळेत जाऊ लागली होती!

भाड्याचे मात्र निराळे. प्रमाण भाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० चे भाडे धरले जाई. महागाई वाढली, घरपट्टी वाढली, गवंड्याची मजुरी वाढली, भाडे तिथेच. मग मालक भिंत का बांधेल? उलट वाडा पडला तर बरे, असे त्याला वाटू लागले. आणि पडक्या वाड्यात जीव मुठीत धरून राहिला तो भाडेकरूच. ज्याच्या रक्षणासाठी कायदा, त्याच्याच डोक्यावर छप्पर गळू लागले.

१९९७ साली सुप्रीम कोर्टाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले, की असे गोठवलेले भाडे आता अन्यायकारक झाले आहे. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आहे. गणित करून पाहा. चक्रवाढ धरली तरी वीस रुपयांचे पंचवीस वर्षांत त्रेपन्न होतात. तेवढ्यात छपराचा एक पत्राही येत नाही. कोणाचे हाल जास्त हे तोलण्याची तरतूद मात्र नव्या कायद्यातही कलम १६(२) मध्ये टिकली, हे चांगले झाले.

म्हणून मला वाटते, गरिबाला घराबाहेर काढू नये हा नियम चुकला नाही. त्या दयेचा सगळा खर्च एकट्या घरमालकाच्या माथी मारला, हे चुकले. त्यांतले कितीतरी मालक स्वतःही दोन खोल्यांचेच धनी होते. दया समाजाने दाखवायची, तर थोडे ओझे सरकारनेही उचलायला हवे होते. तसे झाले असते, तर कदाचित आपल्या पेठांतले आणखी काही वाडे आज उभे असते.