न भरलेला चौथीचा वर्ग

२०२० चा मे महिना. तू आठ वर्षांची आहेस. कशेडी घाटात गाड्यांची रांग लागली आहे आणि तू सुमोच्या मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं टेकून पडली आहेस. मुंबईहून निघालेल्या चाकरमान्यांना इथे उतरावं लागतं. ई-पास दाखवायचा, कपाळासमोर थर्मामीटर धरू द्यायचा, हातावर शिक्का मारून घ्यायचा. बाबांच्या हातावरची शाई अजून ओली आहे. धाकट्या भावालाही तसाच शिक्का हवाय. एरवी सगळे हसले असते.

मार्चमध्ये शाळा बंद झाली आणि परीक्षा न देताच तू तिसरी पास झालीस. बाबांच्या कँटीनला कुलूप लागलं. चाळीतल्या खोलीत चार माणसं आणि बाहेर सामायिक संडास. तिथे अंतर पाळायचं ते कसं? म्हणून गाव. तुला मात्र मजाच वाटतेय. मे म्हणजे आंबे, फणस, चुलत भावंडं आणि रात्री ओटीवर सगळ्यांच्या गोधड्या एका रांगेत.

पण दापोली तालुक्यातल्या त्या वाडीत गाडी घराकडे वळत नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर उभी राहते. ग्राम कृती दलाचे दोघे तोंडाला रुमाल बांधून लांबूनच सांगतात : चौदा दिवस इथेच.

बाकं व्हरांड्यात रचली आहेत. फळ्यावर मार्चमधला सुविचार अर्धवट पुसलेला. भिंतीवर अ अननसाचा, आ आईचा, आणि त्याखाली आईने अंथरलेली सतरंजी. धाकटा जूनमध्ये पहिलीत जायचा आहे, आणि पहिलीच्या वर्गात तो शिकण्याआधी झोपायला आला आहे. रात्री टॉर्च भिंतीवर मारून तो एकेक चित्र विचारतो, आई सांगते. ‘ऐ’पर्यंत जाईतो तिचाच डोळा लागतो.

आजी रोज दुपारी गडग्यापलीकडे येते. डबा गडग्यावर ठेवते, दहा पावलं मागे सरते, मग तू पुढे जायचं. काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी, फणसाचे गरे. “काय गो बाय, पोटभर जेवतेस ना?” एवढं विचारायला ती भर उन्हात उभी असते. काही शेजारी रस्ता बदलून जातात. तुला ते कळतं. आठ वर्षांच्या मुलीला कळत नाही असं मोठ्यांनी समजू नये.

संध्याकाळी मात्र तुझा खेळ रंगतो. चुलत भावंडं गडग्याच्या त्या बाजूला, तू या बाजूला, मधे चिंचेचं झाड. चेंडू खेळायचा नाही, कारण चेंडूला हात लागतो. मग नाव-गाव-फळ-फूल ओरडून खेळायचं. तुझ्याकडे वही नाही, म्हणून तू उत्तरं फळ्यावर लिहितेस आणि धावत बाहेर येऊन सांगतेस. ‘ण’ आला की सगळे मिळून भांडतात. एकदा एक चुलत भाऊ पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं ठेवून पळून जातो. आई ती दोनदा धुते, मग देते.

घरी पोचून चार दिवस होतात न होतात तोच ३ जून उजाडतो. निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढतं आणि हर्णै, आंजर्ले, केळशीपासून आतल्या वाड्यांपर्यंत सगळं झोडपून काढतं. सुपारीची बाग काडेपेटी सांडावी तशी आडवी पडते. शाळेचे अर्धे पत्रे शेतात जाऊन पडतात. वीज जाते ती आठवड्यांमागून आठवडे येत नाही.

आता हे लक्षात घे, कारण मुंबईत बसून पुढे कुणी म्हणेल की मुलं ऑनलाइन शिकलीच की. वीज नाही, टॉवर पडलेला, आणि घरात एकच स्मार्टफोन, तोही बाबांबरोबर परत मुंबईला गेलेला. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं सरकार सांगतं. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागते. मालिका चांगली आहे, पण तुमच्या घरी टीव्ही नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्या दारात गर्दी नको. तुझं नाव इथल्याच शाळेत घातलंय. गुरुजी आठवड्यातून एकदा वाडीवर येतात, पारावर पाचसहा मुलांना लांब-लांब बसवतात, वह्या तपासतात, पुढच्या घराकडे निघतात. त्यांचं पाऊल पारावर पडलं नसतं तर तुझा भागाकार तिथेच संपला असता.

सुरुवातीला शाळा बंद केल्या ते योग्यच होतं. पण पुढचा क्रम बघ. ऑक्टोबरात हॉटेलं उघडली, नोव्हेंबरात पाडव्याला देवळं उघडली. नववीपासून पुढचे वर्ग नोव्हेंबरच्या अखेरीस बऱ्याच जिल्ह्यांत, पाचवी ते आठवी २७ जानेवारीला. चौथी नाहीच. ज्यांना हात धरून शिकवावं लागतं तीच मुलं सगळ्यात शेवटी, हा क्रम मला अजूनही पटत नाही. मग दुसरी लाट आली आणि उघडलेले वर्गही मिटले.

२०२१ चा मे. यंदा मुंबईहून कुणीच येत नाही. आजी खळ्यात आंब्याची साटं घालते, तू कावळे हाकतेस. आधीच्या दिवसाचा थर वाळला की त्यावर रसाचा नवा थर, आणि कडेचा चिकट भाग खरवडून खायचा हक्क राखणदाराचा. महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळाचा इशारा येतो, आणि साटं, खाटा, म्हातारी शेळी सगळी एकाच खोलीत. धाकटा हरखून गेला आहे. तो उन्हाळा चांगला होता, हे मी नाकारणार नाही. विहिरीत पोहायला तू त्यातच शिकलीस.

४ ऑक्टोबर २०२१. तू पाचवीत आहेस. गणवेशाचा झगा गुडघ्याच्या बराच वर आलाय, दप्तरात आईने सही केलेलं संमतीपत्र आहे. दारात गुरुजी सॅनिटायझरची बाटली घेऊन उभे. नवे पत्रे लागलेत. एका बाकावर एकच जण. ज्या मुलीशी तू गडग्यावरून ओरडून खेळलीस ती शेजारच्या बाकावर आहे आणि दोघींनाही काय बोलावं ते सुचत नाही. गुरुजी धडा वाचायला उठवतात. तू अडखळतेस, चौथीचा जोडाक्षरांचा सराव कुठे झालाय? ते रागवत नाहीत. पुस्तक मिटायला सांगतात आणि चक्रीवादळाबद्दल बोलायला लावतात. मग एक तास वर्ग थांबत नाही.

धाकटा मात्र घरीच. त्याचा वर्ग १ डिसेंबरला उघडतो. तोवर तो दुसरीत गेलाय, पहिलीच्या बाकावर एकदाही न बसता. सगळ्यांना तो आपली झोपायची जागा दाखवतो, अननस दाखवतो. ‘ऐ’च्या पुढे गाडी जात नाही. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे दारं पुन्हा बंद होतात. २४ तारखेपासून पुन्हा उघडायला परवानगी मिळते.

२०२२ च्या शेवटी देशभरातल्या ग्रामीण मुलांच्या वाचनाची ‘असर’ ही पाहणी होईल. तिसरीतली जी मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, ते २०.५ वर आलेलं असेल. धाकटा तेव्हा तिसरीत असेल. पण अजून एप्रिलच आहे. यंदा सरकारने सांगितलंय की एप्रिलभर शाळा पूर्ण वेळ चालवायची. आंबे पाडाला लागलेत, बाहेर भावंडं हाका मारतायत, गुरुजींनी पहिली-दुसरीला बाराखडीपासून सुरुवात केली आहे, आणि मधल्या सुट्टीत धाकट्याला ‘ओ’ गिरवायला बसवायचं काम तुझ्याकडे दिलंय. तो पळतो. तू त्याला व्हरांड्यातून धरून आणतेस.