सिम्प्युटर : वाटून वापरायचा संगणक

तळहातावर मावणाऱ्या संगणकाची पारख करताना स्मृती किती, पडदा केवढा, बॅटरी किती टिकते, असे कोष्टक मांडले जाते. वापरणाऱ्यापाशी आधीच काय काय आहे असे हे यंत्र गृहीत धरते, हा रकाना मात्र त्या कोष्टकात सहसा नसतो. बेंगळुरूच्या सिम्प्युटरचे मूल्यमापन त्या रकान्यावाचून होऊ शकत नाही.

१९९६ साली अमेरिकेत ‘पायलट’ बाजारात आला. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांनी आधी लाकडाचा ठोकळा खिशात बाळगून आकार ठरवला होता. पत्ते, भेटीगाठी, कामांची यादी आणि टिपणे एवढीच कामे तो करी, पण चोख करी. त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे बैठकीत ठेवून एक बटण दाबले की टेबलावरच्या संगणकाशी सगळ्या नोंदी जुळत. म्हणजे टेबलावर संगणक हवा, अक्षरओळख हवी आणि रोमन अक्षरांची ‘ग्राफिटी’ ही खास वळणेही शिकायला हवीत.

भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय यांनी एन्कोअर सॉफ्टवेअरच्या सहकाऱ्यांसह सिम्प्युटरची आखणी केली, ती हे सारे नाही असे धरून. साधा, स्वस्त, बहुभाषी हे त्याचे ब्रीद नावातच होते. २००१ साली त्याचा नमुना लोकांसमोर आला. लिनक्स प्रणाली, बोटाने किंवा लेखणीने चालणारा पडदा, मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखवण्याची सोय आणि स्मार्ट कार्डासाठी खाच, ही त्याची अंगे.

यातली खाच सर्वांत महत्त्वाची. अपेक्षित किंमत सुमारे ९,००० रुपये होती. ती एका शेतमजुराला झेपणारी नव्हती. पण ५० घरांत वाटली तर घरटी १८० रुपये पडतात. यंत्र पंचायतीचे किंवा शाळेचे, आणि आपली माहिती आपल्या कार्डावर, अशी ही कल्पना होती. ‘वैयक्तिक’ काय, तर यंत्र नव्हे, कार्ड.

हिशेब बरोबर होता, पण यंत्र सांभाळणार कोण, पाळीपाळीने देणार कोण, आणि त्यावर वाचण्याजोगी स्थानिक माहिती भरणार कोण, याचे उत्तर यंत्रात नव्हते. ते देणारी व्यवस्था गावोगाव उभी राहिली नाही. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसारख्या सरकारी कामांत त्याचा उपयोग झाला, तो व्यवस्था आधीच होती म्हणून. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिडा’ सिम्प्युटर विक्रीला आला. यंत्र कलते केले की ते ओळखणारा संवेदकही त्यात होता. आयफोन यायला अजून ३ वर्षे होती. तरी खप काही हजारांपलीकडे गेला नाही.

तोवर मोबाइल स्वस्त झाला होता. २००३ पासून येणाऱ्या कॉलला पैसे पडेनासे झाले. निरक्षर माणसालाही बोलता येते. त्यासाठी कुणी माहिती भरून ठेवावी लागत नाही. फोन वाटून घेण्याची गरजही हळूहळू उरली नाही.

म्हणून सिम्प्युटरला फसलेले यंत्र म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. बोटाने चालणारा पडदा, मराठी वाचून दाखवणारा आवाज आणि कलते केल्यावर फिरणारे चित्र आज साध्या फोनमध्येही आहे. त्याचे गुण टिकले. गावाने मिळून एक यंत्र वापरावे, ही अपेक्षा तेवढी मागे पडली.