तळटीप : उतारा आणि दप्तराच्या प्रती

* ‘उतारा’ : १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या बेळगाव जिल्ह्यातील पिरनवाडीसारख्या गावांचे जमीनदप्तर कर्नाटक महसूल खात्याच्या ‘भूमी’ योजनेने या शतकाच्या आरंभी संगणकावर आणले. अशा दप्तराच्या एकरूप प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवण्याचा हेतू, एक यंत्र बंद पडल्यास दुसऱ्याने काम निभावावे एवढाच नसून, पीककर्जाच्या हंगामात उताऱ्यांसाठी एकदम येणाऱ्या मागण्यांचा भार विभागला जावा हाही असतो. फेरफार मात्र बहुधा एकाच मूळ प्रतीत नोंदवून तेथून इतरत्र रवाना होतात व पोहोचण्यास किंचित विलंब लागतो. म्हणून मागण्यांचे वाटप करणाऱ्या यंत्रणेने कोणती प्रत मोकळी आहे एवढेच नव्हे, तर ती किती मागे राहिली आहे हेही पाहिले पाहिजे. ज्याची वारसनोंद आताच मंजूर झाली, त्याची मागणी मागे पडलेल्या प्रतीकडे गेल्यास हाती दिवंगत वडिलांच्याच नावाचा उतारा पडेल. अशी मागणी मूळ प्रतीकडेच वळविणे इष्ट. प्रती वाढविल्याने वाचनाचा भार हलका होतो, नोंदणीचा नव्हे. कारण प्रत्येक फेरफार प्रत्येक प्रतीत उतरवावाच लागतो. — संपा.